मल्लिनाथ आधी की भाषांतर?

लांजीतल्या एका ओसरीवर मामा-भाचीचा वाद रंगला होता. शाळेत संस्कृत शिकलेल्या भाचीला आता शिक्षकाविना कालिदासाचं मेघदूत वाचायचं होतं. शापित यक्षाचा रामगिरी म्हणजे रामटेक, असं अभ्यासक वा. वि. मिराशींनी मानलं, म्हणजे काव्य आपल्याच मुलखातलं. पण पुस्तक कोणतं घ्यायचं?

"कुसुमाग्रजांचं मराठी रूप शेजारी ठेव," मामा म्हणाले. "अडलं की बघ."

"मग मी अडणारच नाही, मामा. डोळा आधी मराठीकडेच जाईल."

तिची भीती खरी आहे. 1911 मध्ये सुरू झालेल्या लोएब ग्रंथमालेत डाव्या पानावर लॅटिन किंवा ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं. नवख्याची नजर उजवीकडेच रेंगाळते. याउलट डेन्मार्कच्या हान्स ओर्बेर्गच्या पाठ्यपुस्तकात पहिल्या वाक्यापासून केवळ लॅटिन. अर्थ समासातल्या चित्रांवरून आणि सोप्या टिपांवरून लावायचा.

"मला तसंच हवं."

"अगं, ओर्बेर्गने पाठ शिकणाऱ्यासाठीच रचले. कालिदासाने नाही."

इथे मामांचं म्हणणं वजनदार आहे. पहिल्याच श्लोकात 'कश्चित्' आरंभी येतं आणि 'यक्षः' थेट तिसऱ्या चरणात. मधे शाप, त्याची वर्षाची मुदत, गेलेलं सामर्थ्य. हा कोण, हे कळायला मंदाक्रांतेचे सतरा-सतरा अक्षरांचे दोन चरण थांबावं लागतं. पण भाषांतरात ते थांबणं सहसा उरत नाही. मेघदूताचा टीकाकार मल्लिनाथही ते शब्द जुळवून देतो, पण संस्कृतातच. समास सोडवतो, कोशाचा आधार देतो आणि वाचक पुन्हा श्लोकाकडे वळतो.

"पण मल्लिनाथ समजावायला कोणाला बसवायचं?"

"त्याची पद्धत ठरलेली आहे, मामा. सुरुवातीचे श्लोक जड जातील, मग सवय होईल."

मोरेश्वर रामचंद्र काळे यांच्या आवृत्तीत मूळ, मल्लिनाथाची टीका, इंग्रजी भाषांतर आणि टिपा असं सगळंच आहे. तेव्हा प्रश्न पुस्तकाचा कमी, क्रमाचा जास्त. भाचीने ठरवलं: आधी श्लोक, मग मल्लिनाथ, त्यानंतर टिपा आणि भाषांतर अगदी शेवटी.

"इतक्या सावकाश वाचलंस तर काव्याची लय तुटेल," मामा म्हणाले.

"म्हणून वाचून झालेले श्लोक रोज मोठ्याने म्हणेन."

मामांना ते पुरतं पटलं नाही. काव्याचा पहिला भाग, पूर्वमेघ, तिच्या पद्धतीने वाचायचा आणि उत्तरमेघाचं तेव्हा बघू, एवढ्यावर दोघं थांबले.