सणाची पंगत आणि उपदेशी

धुळवडीच्या दिवशी दुपार होऊ लागली म्हणजे खेड्यातील बहुतेक घरांतून मसाल्याचा वास येऊ लागतो. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, हाच प्रकार असतो. पुढे श्रावण पाळावयाचा म्हणून आषाढातील अमावास्येला महिनाभराची भरपाई आधीच करून घेतली जाते. तुळजापुरास महानवमीला अजाबळी होतो, आणि गावोगावच्या कंदुरीचे तर नावच बोकडाशी जोडले गेले आहे. अशा एखाद्या सणाला उपदेश घेतलेला वासनिक आपल्या अनुपदेशी आप्तांच्या घरी पाहुणा म्हणून जातो. पाट-पाणी होते, ताट समोर येते. त्याने काय करावे?

त्याने मांस खाऊ नये, याविषयी पंथात दुमत नाही. त्यासाठी शास्त्रार्थ करीत बसण्याचेही कारण नाही. परंतु ताटातील एक पदार्थ बाजूला सारला एवढ्याने अहिंसा पुरी झाली काय, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा आहे; आणि सणाच्या पंगतीत तो जितका उघडा पडतो तितका एरवी पडत नाही.

ग्रामीण गृहस्थाची रीत अशी, की पाहुणा यावयाचा असला म्हणजे सकाळीच कोंबडे धरावयाचे. पाहुण्याचा तो मान समजला जातो. पाहुणा उंबऱ्यात येऊन ‘आम्हाला चालत नाही’ म्हणतो, तेव्हा कोंबडे कापून झालेले असते. त्याने एक घासही घेतला नाही हे खरे; पण तो जीव त्याच्याच निमित्ताने गेला हेही तितकेच खरे. बौद्ध भिक्षूंच्या जुन्या नियमात मांस सर्वथा वर्ज्य नव्हते. परंतु आपल्यासाठी पशू मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये, असे बंधन होते. महानुभावाला हा नियम सैल वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने तो सैलच आहे. तथापि ‘हा जीव कोणासाठी गेला?’ ही जी विचारणा त्यात आहे, ती मांस न खाणाऱ्यालाही चुकत नाही. म्हणून चार दिवस आधी निरोप धाडणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तो व्रताचाच भाग आहे. ‘आधीच सांगणे म्हणजे आपला सोवळेपणा मिरवणे’ असा संकोच पुष्कळांना वाटतो. त्या संकोचाची किंमत कोंबडे देते.

आणि यजमान दुखावेल ही भीती बहुधा फाजील असते. महाराष्ट्रातील खेड्याला मांस न खाणारा पाहुणा नवा नाही. घरोघरी एखादा माळकरी असतोच. जत्रेत, लग्नकार्यात माळकऱ्यांची पंगत वेगळी बसविण्याची चाल आहे. स्वतः मांस खाणारा गृहस्थही श्रावणात, नवरात्रात, एकादशीला ते सोडतो. त्याचे सोडणे दिवसाला बांधलेले, उपदेश्याचे जीवाला बांधलेले, एवढाच भेद. आणि तो भेद सालस शब्दांत सांगितला तर कोणालाही उमगतो. ज्याला सांगण्याचे धैर्य होत नाही तो मग फोडी वगळून नुसता रस्सा वाढून घेतो, आणि भीड व व्रत दोन्ही राखल्याचे समाधान मानतो. रश्शात काय उतरले आहे, हे त्याच्या जिभेला ठाऊक असते.

खरी अडचण निराळीच आहे. सणाच्या दिवशी पुरणपोळी असो की भात, देवीला वा खंडोबाला नैवेद्य दाखविल्यावाचून ताटे वाढली जात नाहीत. देवतेचा प्रसाद अनन्यभक्ताला ग्राह्य नाही. मांस नको म्हटलेले यजमानाला समजते, कारण जीवदया सर्वांनाच समजते. पण पुरणपोळीही नको म्हटली की त्याला ती आपल्या कुलदैवताची अवहेलना वाटते. हे दोन नकार एक नव्हेत. पहिल्याचे कारण हिंसा, दुसऱ्याचे कारण अनन्यता. काही जण दुसरा नकार पहिल्याच्या आड लपवितात, किंवा पोट बिघडल्याचे निमित्त सांगतात. एक दोष टाळण्यासाठी असत्य पत्करणे हा कोणता आचार? त्यापेक्षा नैवेद्य दाखविण्यापूर्वी आपल्यापुरती भाकरी आणि वरण काढून ठेवावयास सांगावे. कारण विचारले तर खरे सांगावे, न विचारले तर व्याख्यान देऊ नये. यजमानाच्या लेखी पाहुणा घरातून उपाशी जाणे हा मोठा कमीपणा असतो. त्याच्या हातची कोरडी भाकरी का होईना, पण त्याच्या घरी बसून खाल्ली, तर तो कमीपणा त्याला येत नाही.

येथे सशाच्या लीळेचे स्मरण होते. १३ व्या शतकात म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रातील ही लीळा उपदेशी मंडळींना तोंडपाठ असते. पारध्यांनी पिटाळलेला ससा सर्वज्ञांच्या मांडीखाली येऊन दडला आणि स्वामींनी तो दिला नाही. निरूपणात बहुधा येथेच थांबतात. परंतु पारधी आले तेव्हा स्वामींनी त्यांच्याकडे पाठ फिरविली नाही. त्यांच्याशी बोलणे केले. शरण आलेला ससा आणि त्याला मागावयास आलेले पारधी, दोघेही त्यांच्या दृष्टीने जीवच होते. सणाच्या पंगतीत बसलेल्या उपदेश्याला पारधी दिसतात, पण तेही जीव आहेत हे दिसत नाही. तो नाकाला पदर लावतो, शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून तोंड वाकडे करतो, हाडकांवरून टोमणा मारतो. पंथाच्या परिभाषेत हिंसेच्या जोडीने विकल्पही दोषच मानला आहे. हिंसा टाळावयास गेलेला मनुष्य विकल्प जोडून घरी परतला, तर त्याने काय मिळविले? ज्याला तो वास सोसवत नाही त्याने ओसरीवर बसावे, मुलांशी बोलावे, आपले ताट तेथेच मागून घ्यावे. न सोसवणे हा दोष नव्हे.

आतापर्यंतचा विचार पाहुण्याचा झाला, आणि पाहुणा संध्याकाळी आपल्या घरी जातो. स्वयंपाकघरात जी राहते तिचे काय?

व्रतस्थ जावई सासुरवाडीस आला म्हणजे त्याच्यासाठी भांडी वेगळी, चूल वेगळी, तेल वेगळे. सणाच्या आधीच वाकलेल्या पाठीवर हे आणखी ओझे कोणाच्या? सासूच्या, मेहुणीच्या. स्वच्छ भांडे मागणे योग्य आहे. पण पिठले-भाकरीवर ज्याचे भागते त्याने चार भाज्यांची अपेक्षा धरावी, आणि तिला आचार म्हणावे, हे योग्य नाही. भिक्षान्नात रसना मारावयाची शिकवण ज्या पंथाने दिली, त्याच्या वासनिकाने दुसऱ्याच्या श्रमावर आपला नेम साजरा करू नये.

याहून कठीण प्रसंग उपदेशी घरातून मांसाहारी घरात दिलेल्या सुनेचा. ती खात नाही, हे सासर सोसते. पण करीच्या दिवशी मटण शिजवावयाचे तिनेच. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातकांची जी गणना आहे, तिच्यात अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा व विकणारा यांच्या पंक्तीस शिजविणारा आणि वाढणाराही बसविला आहे. (त्याच अध्यायात यज्ञाच्या व श्राद्धाच्या मांसाला मोकळीक आहे, हेही विसरू नये.) ही गणना त्या सुनेपुढे ठेवून तिला दोषी ठरविणे फार सोपे आहे. पण त्या यादीतील इतर सर्वांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा असते. गृहस्थ बाजारात न जाता तर मटण घरात येते ना. तिच्या ‘नाही’ची किंमत मात्र तिचे घरातील स्थान, कधी माहेरी परत धाडणे, अशी असू शकते. ज्याच्या हाती सत्ता, त्याच्या माथी दोषाचा मोठा वाटा. परतंत्राच्या माथी तो समान वाटून देणे हा न्याय नव्हे. म्हणून जे निरूपणकार अशा स्त्रीला केवळ ‘हिंसेचे साहाय्य करू नये’ एवढे सांगून मोकळे होतात, ते तिचे दुःख दुणावतात. सांगावयाचेच तर ते सोयरीक जुळविताना तिच्या पित्याला सांगावे, आणि तिच्या पतीला सांगावे.

तिला स्वतःला इतकेच सांगता येईल, की शिजविण्याचा वीट तिने मनात मरू देऊ नये, आणि मागणे सोडू नये. एका वर्षी मागावे, दुसऱ्या वर्षी पुन्हा मागावे. पुष्कळ घरांतून असे घडलेले आहे, की घरात एक न खाणारी आहे म्हणून मटणाचे भांडे प्रथम वेगळे झाले, मग चूल अंगणात मांडली गेली, आणि अंगणातील चुलीपुढे घरातील पुरुषमंडळी बसू लागली. आत सासू भाकरी थापते, सून पिठले ढवळते. मागे राहिलेली म्हातारी माणसे हळूहळू आतल्याच पंगतीला येऊन बसतात.