पावसात चांदा पाहावा

दरवर्षी १ जुलैला ताडोबाचे कोअर क्षेत्र पर्यटकांसाठी बंद होते आणि ३० सप्टेंबरपर्यंत बंदच राहते. मोहर्लीच्या आणि कोलाऱ्याच्या गेटवरची जिप्सींची वर्दळ ओसरते, रिसॉर्टची भाडी उतरतात आणि मग ‘आता चंद्रपुरात पाहण्यासारखे आहे काय?’ असा प्रश्न ऐकू येतो. बाहेरचे लोक विचारतात तेव्हा समजू शकते, पण चंद्रपूरकरही तो विचारतात याचे वाईट वाटते. चंद्रपूर, म्हणजे जुन्या नावाने चांदा, पाहायचा खरा काळ हाच आहे, असे माझे मत आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा शहराच्या तापलेल्या तटाजवळ कोणी उभे राहत नाही. हिवाळ्यात सगळ्यांचे लक्ष वाघ घेऊन जातो. उरतो पावसाळा. तो ज्यांच्या खिशात फार पैसे नाहीत त्यांच्या वाट्याला येतो आणि हा वाटा मुळीच दुय्यम नाही.

याचे कारण या शहराच्या जन्मातच आहे. गोंड राजांची राजधानी आधी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला होती. ती इथे का आली, याची कथा जुने लोक सांगतात. खांडक्या बल्लाळशहा राजाचे अंग गळवांनी भरलेले होते. शिकारीत तहानलेला असताना झरपट नदीच्या पात्रातल्या एका झऱ्याचे पाणी तो प्यायला, त्याने हातपाय धुतले आणि त्याचे दुखणे हटले. राणीने ती जागा शोधून काढवली. तिथेच पुढे अंचलेश्वराचे देऊळ झाले. नंतर त्याच परिसरात एक ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला आणि ज्या वाटेने ते दोघे धावले त्या वाटेवर तटाची आखणी झाली, असे म्हणतात. सशाच्या गोष्टीवर विश्वास ठेवावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला कथेचा पहिला भाग मोलाचा वाटतो. राजधानीची जागा कोण्या ज्योतिषाने किंवा सेनापतीने निवडलेली नाही, ती पाण्याने निवडलेली आहे, एवढे तरी या समाजाने पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवले.

नकाशा समोर ठेवला तर हेच दिसते. पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, दक्षिणेला दोघींचा संगम आणि मधल्या जागेत तटाने वेढलेले शहर. इथले लोक या तटाला परकोट म्हणतात. तो एका राजाने बांधलेला नाही. एकाने सुरू केला, पुढच्या पिढ्यांनी चालवला आणि पुरा केला. त्याला चार दरवाजे आहेत, उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या आहेत, म्हणजे लहान दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. जटपुऱ्याच्या कमानीतून दिवसभर दुचाक्या आणि ऑटो जातात आणि वर पाहायला कोणाला फुरसत नसते. पण आभाळ फुटल्यासारखा पाऊस आला की सगळी रहदारी कमानीखाली गोळा होते. पाऊस थांबेपर्यंत करण्यासारखे काही नसते, तेव्हा माणसे मान वर करतात. कोणीतरी लहान मुलाला तो सिंह दाखवते. अशा वेळी तिथे उभे राहणे मला आवडते.

इथे पैशाचा विषय येतो. प्रवासातला पैसा मुख्यतः थांबणे टाळण्यासाठी खर्च होतो. आरक्षण, स्वतःची गाडी, वाटाड्या, वाघ दिसण्याची शक्यता वाढावी म्हणून घेतलेली दुसरी सफारी, या सगळ्यातून आपण पैसे मोजून वाट पाहणे बाजूला सारतो. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला थांबावे लागते. बस यायची असते, पाऊस ओसरायचा असतो, देवळाचे दार उघडायचे असते. त्या थांबण्यात तो बघतो आणि विचारतो. मी पैशाच्या टंचाईचे गोडवे गात नाही. तंगी ही तंगीच असते. पण दगडी शहर पाहण्याच्या कामी ती आड येत नाही. परकोटाला तिकीट नाही, दरवाजांना तिकीट नाही. नागपूरहून एसटी येते आणि रेल्वेही येते. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच प्रवास मोफत आहे. म्हणजे ज्या आजीने आयुष्यभर फक्त माहेर आणि सासर एवढाच प्रवास केला, तिलाही आता चांद्याचा किल्ला दाखवता येतो. सकाळी तर्रीपोहे खाऊन निघाले तर दुपारपर्यंत जुन्या शहराचा मोठा भाग पायी पाहून होतो.

पायी हिंडताना पाऊस एक गोष्ट दाखवतो, ती कोरड्या दिवसात समजत नाही. पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे तो डोळ्यांसमोर आखून देतो. पठाणपुऱ्याच्या बाहेर पडले की रस्ता नदीकडे उतरतो. पुराच्या दिवसात पाणी याच बाजूने शहराकडे सरकते. तट शत्रूसाठी होता हे पाठ्यपुस्तक सांगते, पण तो किती जोत्यावर उचलला आहे आणि नदीपासून किती हात राखून फिरवला आहे, हे चिखलातून चालताना कळते. जुलै २०२२ मध्ये इरई धरणाचे दरवाजे उघडले आणि नदीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. हे धरण औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले आहे. नदीलगत कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे राहिले आहेत आणि पूररेषेच्या आत घरे झाली आहेत. ज्यांना दुसरीकडे जागा परवडली नाही त्यांनीच ती बांधली. म्हणून पूर पाहून हळहळणे पुरेसे नाही. ज्या शहराची जागाच पाण्याने ठरवली, तिथे नंतरच्या आखणीत पाण्याला कोणी विचारले नाही.

गोंड राज्यात पाण्याला विचारले जात होते. जो कोणी तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणाऱ्या जमिनीची सनद देण्याची रीत या राज्यात होती. तिला तुकूम म्हणत. १८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल लिहिला, त्यातही या तलावांचे महत्त्व नोंदलेले आहे. ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्यावर चंद्रपूरची तुकूम नावाची वस्ती लागते, तिथून पर्यटकांच्या गाड्या रोज जातात. राजाने स्वतः सगळे खोदायचे नाही, खोदणाऱ्याला मान आणि जमीन द्यायची, ही राज्यकारभाराची फार शहाणी कल्पना होती. तिच्यामुळे पूर्व विदर्भात तलावांचे आणि बोड्यांचे, म्हणजे लहान तळ्यांचे, जाळे तयार झाले आणि आजही धान त्यांवर पिकते. हे तलाव उन्हाळ्यात पाहिले तर चिखल आणि बेशरमाची झुडपे दिसतात. झड लागून गेल्यावर शहरातला रामाळा तलाव किंवा जवळच्या जंगलातला जुनोन्याचा तलाव पाहावा. पाळ किती लांबवर गेली आहे, सांडवा कुठे ठेवला आहे, खालच्या बांध्यांत पाणी कसे उतरते, हे सगळे तेव्हा चालू स्थितीत दिसते. किल्ले आणि देवळे यांना आपण ऐतिहासिक वास्तू म्हणतो आणि तलावाला मात्र फक्त तलाव म्हणतो. माझ्या मते गोंड राज्याची सर्वांत मोठी वास्तू हे तलावच आहेत.

देवळेही पाहावीतच. राणी हिराईने आपला नवरा बीरशहा याची समाधी अंचलेश्वराच्या देवळाशेजारी बांधवली. महाकालीच्या देवळाची उभारणीही तिच्याच नावावर सांगतात. अठराव्या शतकाच्या आरंभी अल्पवयीन रामशहाच्या नावाने तिने राज्य चालवले. शहराबाहेर लालपेठला प्रचंड शिळांत घडवलेल्या मूर्ती उघड्यावर पडून आहेत. देऊळ बांधायचे राहून गेले आणि मूर्ती तशाच राहिल्या. त्यांच्या अंगावरून पाणी वाहताना कोरीव रेघा उठून दिसतात.

स्वस्तात प्रवास करणारा हा कोणी नवा प्राणी नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, सोबत शिधा आणतात, उघड्यावर चूल मांडतात, झरपटवर आंघोळ करतात. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, आणि दरवर्षी त्या दिवसांत इथल्या दीक्षाभूमीवर जे येतात त्यांच्यातले बहुतेक एसटीने, रेल्वेने, भाकरी बांधून येतात. हेच या शहराचे सर्वांत निष्ठावंत प्रवासी आहेत. पर्यटनाची चर्चा निघाली की मात्र यांची आठवण कोणाला होत नाही. चर्चा खोल्यांच्या भाड्यावर आणि सफारीच्या दरावर होते. जो कमी खर्च करतो तो कमी महत्त्वाचा, हा हिशेब मला मान्य नाही.

पावसाळ्यात बाजारही पाहण्यासारखा असतो. गावांतून आलेल्या बाया टोपल्यांत वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घेऊन बसतात. वारुळावर उगवणाऱ्या सात्या, म्हणजे रानटी अळंबी, आल्या की त्यांच्याभोवती गर्दी होते. या गोष्टी वर्षात थोडेच दिवस मिळतात आणि हॉटेलच्या यादीत त्या सहसा सापडत नाहीत.

एक दिवस हाती असेल तर मूलमार्गे चामोर्शीकडे जाऊन मार्कंडा पाहावा. वाटेत दोन्ही बाजूंना रोवणी चाललेली असते. पाठी वाकवून पऱ्हे लावणाऱ्या बायांच्या रांगा बसच्या खिडकीतून दिसतात, आणि या भूमीत पाऊस म्हणजे आधी काम, मग सौंदर्य, हे ध्यानात येते. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते. त्या वळणावर शैव देवळांचा समूह उभा आहे. वीज पडून मुख्य देवळाचे शिखर ढासळले, असे सांगतात. नदी फुगलेली असेल तर घाटावर उतरू नये, वरून पाहावे.

त्याच्या पुढे, दक्षिण गडचिरोलीकडे, पावसात सहलीला जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी तिथल्या कित्येक गावांचा पावसाळा अजून तुटलेपणातच जातो. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम एकत्र येतात. पर्लकोटेचा पूर पुलावर चढला की तालुक्याचा संपर्क तुटतो. बाळंतीण किंवा तापाने फणफणलेले मूल खाटेवर घालून नाल्यापलीकडे न्यावे लागते. तिथला पूर हा कोणाच्या मोबाइलमधल्या चित्रफितीचा विषय होऊ नये. कमी पैशात हिंडणाऱ्याने एक पथ्य पाळायलाच हवे, आपल्या येण्याने तिथल्या माणसांच्या टंचाईत भर पडता कामा नये. भामरागडच्या नद्या हिवाळ्यातही सुंदर असतात. त्या वेळी जावे, हेमलकशाला १९७३ पासून चाललेले आदिवासींच्या आरोग्याचे आणि शिक्षणाचे काम पाहावे आणि गावातल्या खानावळीत जेवावे.

आता परकोटाविषयी थोडे. कित्येक वर्षे बुरुजांवर झाडे वाढली होती, आतल्या बाजूला कचरा साचला होता. २०१७ मध्ये इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे श्रमदान करून तटाचे लांबच लांब भाग मोकळे केले. ज्या शहराला स्वतःच्या भिंतीकडे पाहायची सवय राहिली नव्हती, त्याला त्यांनी त्या भिंतीवर चालायला लावले. त्यांच्या कष्टांचे चीज व्हायचे तर वर्षभर माणसांची पावले तिथे पडायला हवीत. प्रत्येक खिडकीजवळ मराठीत आणि गोंडीत चार ओळींचा फलक हवा, पावसात उभे राहायला साधे छप्पर हवे आणि बायांसाठी स्वच्छतागृह हवे. याला फार मोठा निधी लागत नाही.

आणि एक विनंती चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना आहे. सहल म्हणजे डिसेंबरातली, दूरच्या गावाची आणि ज्याचे आईवडील पैसे भरू शकतात त्याचीच, असे ठरून गेले आहे. वर्गातली काही मुले दरवर्षी मागे राहतात आणि त्यांना ते बोचते. श्रावणात, झड ओसरली आणि नदी उतरली की, एक दिवस अख्खा वर्ग घेऊन जटपुऱ्यापासून पठाणपुऱ्यापर्यंत चाला. गावाकडची शाळा असेल तर गावच्या तलावाच्या पाळीवर चाला आणि तो कोणी बांधला हे गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा. या सहलीची वर्गणी काढावी लागणार नाही, त्यामुळे एकही मूल मागे राहणार नाही.