पाद्र्यांच्या शाळेतील चार वर्षे

मराठी मध्यमवर्गात पाद्र्यांच्या शाळांविषयी दोन मते पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. तेथे इंग्रजी पक्के होते आणि मुलाला वळण लागते, हे एक. आणि तेथे मुलगा आपल्या धर्मापासून दुरावतो, हे दुसरे. ही दोन्ही मते एकाच घरात एकमेकांना न दुखवता राहू शकतात, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे. जून १९५५ ते मार्च १९५९ ही आठवी ते अकरावीची चार वर्षे मी मुंबईतील येशूसंघाच्या पाद्र्यांनी चालविलेल्या, केवळ मुलांच्या अशा एका हायस्कुलात काढली. आणि आज उतारवयात त्या वर्षांचा विचार करू लागलो असता ही दोन्ही मते मला अपुरी वाटतात. त्या शाळेने आम्हांला जे सर्वांत मोलाचे दिले त्याची नोंद पहिल्या मतात नाही, आणि ज्याला ती आम्हांला मुकवून गेली त्याची नोंद दुसऱ्यात नाही.

माझ्यासारख्या मुलाला तेथे प्रवेश मिळाला तोच मुळी न्यायालयाच्या निर्णयामुळे. बाळासाहेब खेर यांच्या कारकीर्दीत ठरलेल्या धोरणानुसार मुंबई राज्यातील मराठी शाळांत इंग्रजीचा आरंभ आठवीत होत असे. आणि ६ जानेवारी १९५४ रोजी सरकारने आणखी पुढे जाऊन असा हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाई वंशाचे नसलेले नागरिक यांच्याखेरीज इतर कोणाच्याही मुलांना प्रवेश देऊ नये. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या चालक संस्थेने या हुकुमाविरुद्ध दाद मागितली, उच्च न्यायालयाने ती मान्य केली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. पुढच्या वर्षी माझ्या वडिलांनी माझ्यासाठी अर्ज केला. ते गिरगावात राहणारे, सरकारी कचेरीतील कारकून. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला त्यांनी तत्पूर्वी रात्री जागून माझ्याकडून घोकून घेतल्या होत्या, आणि त्या बळावर मी प्रवेशाच्या परीक्षेत कसाबसा निभावलो.

शाळेतील शिकविण्याचा शिरस्ता मला प्रथम कंटाळवाणा वाटला आणि त्याचे मर्म फार उशिरा कळले. येशूसंघाची शिक्षणपद्धती १५९९ साली लेखनिविष्ट झाली. काल शिकविलेले आज मुलांकडून वदवून घ्यावे, शनिवारी आठवड्याचे वदवून घ्यावे, आणि वाचलेल्या प्रत्येक उताऱ्यावर मुलाने स्वतःचे असे काही लिहिल्याशिवाय तो उतारा संपला असे मानू नये, ही तिची सूत्रे साडेतीनशे वर्षांनंतर आमच्या वर्गात जशीच्या तशी पाळली जात होती. वहीच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर ए. एम. डी. जी. ही चार अक्षरे लिहावी लागत. ईश्वराच्या अधिकाधिक गौरवासाठी, अशा अर्थाच्या लॅटिन वचनाची ती आद्याक्षरे. आमच्या आजीने माझी वही पाहिली, त्या अक्षरांचा अर्थ विचारला, आणि पत्राच्या माथ्यावर आपण ‘श्री’ लिहितो तसेच हे आहे एवढे म्हणून ती वही परत केली. धर्मांतराची धास्ती बाळगणाऱ्या आमच्या नातेवाइकांपैकी कोणालाही तेवढी समज नव्हती. चार वर्षांत मला, किंवा माझ्या माहितीच्या एकाही हिंदू, पारशी वा मुसलमान मुलाला, कोणी बाप्तिस्म्याची गोष्ट बोलले नाही. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला जात, आम्ही नीतिपाठाला बसत असू, आणि दोन्ही तास संपले की सारे एकाच मैदानावर फुटबॉल खेळत.

त्या नीतिपाठातले बहुतेक मी विसरलो. एक गोष्ट मात्र राहिली, आणि ती पुस्तकातली नव्हे. आम्हांला भूमिती शिकविणारे फादर मूळचे स्पेनचे होते. मुंबईचे जुने येशूसंघीय जर्मन असत. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध करून मायदेशी धाडले आणि पुढे त्यांच्या जागी स्पेनमधून पाद्री आले, त्यांपैकी हे एक. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी त्यांच्या खोलीवर जात असे. लोखंडी खाट, भिंतीवर क्रूस, एक टेबल, त्यावर लाल शाईची दौत, आणि खाटेखाली पत्र्याची ट्रंक. याहून अधिक त्या खोलीत काही नव्हते. पांढरा झगा कोपरावर रफू केलेला होता आणि रफूचा दोरा किंचित पिवळा होता. आमची चुकलेली प्रमेये ते खोडून टाकीत नसत. ज्या पायरीवर विचार घसरला तेथे एक बारीकशी रेघ ओढीत आणि पुढील जागा कोरी सोडीत, म्हणजे मुलाने तेथूनच पुन्हा चढावे. पन्नासाहून अधिक मुलांच्या वहीत, दररोज, वर्षानुवर्षे. विद्वान माणूस इतक्या थोडक्यात राहू शकतो, आणि ज्यासाठी त्याने घरदार व मायदेश सोडला ते कार्य परक्या मुलांची भूमिती सुधारणे हे असू शकते, याचा धक्का मला तेव्हा शब्दांत सांगता आला नसता. आमच्या परिचयाचा संन्यास प्रपंच सोडून निघून जाणारा होता. हा संन्यास प्रपंचाच्या मध्यभागी येऊन, हजेरीपट घेऊन बसणारा होता.

हा आदर्श मराठी समाजाला अपरिचित होता असे मात्र नाही. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या टिळक-आगरकरांच्या मंडळीने अल्प वेतनावर आयुष्य वाहण्याचा जो नेम स्वीकारला त्यामागे येशूसंघाच्या त्यागी शिक्षकांचे उदाहरण होते, आणि १८९० साली टिळकांनी संस्था सोडली तेव्हा त्या तत्त्वाचा भंग हेच त्यांच्या दुःखाचे एक मोठे कारण होते. म्हणून माझे म्हणणे असे की, इंग्रजी आणि शिस्त ही त्या शाळेची दुय्यम देणगी होय. ज्यांना बढती, वारसा आणि निवृत्तिवेतन यांचा विचारच करायचा नव्हता अशा माणसांच्या हाताखाली चार वर्षे शिकायला मिळणे, ही प्रमुख देणगी.

आता दुसरी बाजू. त्या शाळेत मराठी होती ती आठवड्यातील मोजक्या तासांपुरती, आणि तेही दुपारी, मुले पेंगुळलेली असताना. शिकविणारे सर भरपूर वाचलेले, हळवे गृहस्थ होते. परंतु शिक्षकांच्या दालनात त्यांच्या शब्दाला वजन नव्हते, आणि मुलांना हे कळते. मैदानावर मराठीत बोलताना सापडलेल्या मुलाच्या नावापुढे खूण पडे. मी आठवीत असताना, २१ नोव्हेंबर १९५५ रोजी, फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पंधरा माणसे मृत्यू पावली. पुढे शाळा भरली तेव्हा त्याविषयी वर्गात कोणी अवाक्षर काढले नाही. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रही पोर्तुगीजांच्या गोळ्यांना बळी पडले होते, सरहद्द बंद झाली होती, आणि माझ्या बाकावरच्या गोवेकर मुलाला आपल्या आजोळी जाण्याची सोय राहिली नव्हती, त्याविषयीही मौनच. एकीकडे आम्ही रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे मुखोद्गत करीत होतो, आणि दुसरीकडे आपल्या खिडकीबाहेर एक राज्य घडते आहे व एक साम्राज्य मोडते आहे, हे आम्हांला शाळेच्या बाहेरच शिकावे लागत होते.

यात अधिक नुकसान कोणाचे झाले? माझे नव्हे, माझ्या घरी ‘केसरी’ येत होता, आणि चाळीच्या गणेशोत्सवातील व्याख्याने ऐकायला मिळत होती. खरे नुकसान झाले ते खोताच्या वाडीत राहणाऱ्या माझ्या ईस्ट इंडियन मित्राचे. त्याची आजी लुगडे नेसे, मराठीत रागावे, मराठीतच प्रार्थना पुटपुटे, आणि लग्नाच्या आदल्या रात्री बायका जमून मराठी गाणी म्हणत. तो शाळेत लॅटिन शिकला, उत्तम शिकला, आणि आजीच्या बोलीला स्वयंपाकघरातली भाषा समजू लागला. कॅथलिक असणे आणि मराठी असणे यांत अंतर आहे, ही समजूत त्याला त्याच्या धर्माने दिली नव्हती. ती शाळेने, नकळत, दिली.

आणि येशूसंघाला तर हे मुळीच शोभण्यासारखे नव्हते. १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स हा याच संघाचा. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण मराठीत रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. तुकोबा तेव्हा आठ-दहा वर्षांचे असतील. परदेशातून आलेल्या, वयाच्या तिशीत ही भाषा शिकलेल्या मनुष्याने तिच्यात महाकाव्याची योग्यता पाहिली. आणि त्याच्याच संघाच्या शाळेत, तिच्याच मुलखात, तिला दुपारच्या पेंगुळलेल्या तासाची जागा मिळाली. शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली ख्रिस्तपुराणाची देवनागरी आवृत्ती पुण्याहून १९५६ साली निघाली. तेव्हा मी शाळेतच होतो. त्या ग्रंथाचे नाव मी प्रथम ऐकले ते कॉलेजात.

तथापि सारा दोष पाद्र्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. इंग्रजी राजवटीत शाळा ज्यासाठी उभ्या राहिल्या त्याचा ठसा त्यांच्यावर होताच. पण स्वातंत्र्यानंतर तो पुसण्याची मागणी करण्याचा अधिकार ज्यांना होता त्या पालकांनी ती कधी केली नाही. माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जात, घोषणा देत, आणि दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांना भेटून माझे इंग्रजी उच्चार कसे सुधारतील याची विचारपूस करीत. मराठीचे तास वाढवा, असे त्यांनी, किंवा कोणाही मराठी पालकाने, म्हटल्याचे मला ठाऊक नाही. आम्ही त्या शाळांकडे जे मागितले ते त्यांनी चोखपणे दिले. अन्य काही मागितले असते तर तेही त्यांनी दिले असते, असे त्या पिवळ्या दोऱ्याच्या रफूकडे पाहून मला वाटते.

या विश्वासाला आधार आहे. मी शाळेत असताना चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. १९६३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने उपासनेत लोकभाषेला वाव दिला, आणि काही वर्षांतच वसईच्या चर्चमध्ये मराठीतून मिस्सा होऊ लागला. त्याच वसईतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. शतकानुशतकांची पवित्र मानलेली भाषा बाजूला ठेवून वेदीवर मराठी आणण्याचे धैर्य धर्मसंस्थेने दाखविले. शाळांनी तेवढे धैर्य दाखविले नाही, कारण वेदीपुढे भाविक होते आणि शाळेच्या दाराशी आम्ही होतो.

२०२० साली महाराष्ट्राने कायदा करून सर्व शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. कायद्याने वेळापत्रकात विषय येतो. शिक्षकांच्या दालनात त्या विषयाच्या शिक्षकाला वजन येत नाही. म्हणून आज पाद्र्यांच्या शाळेत मुलाचे नाव घालण्यासाठी रांगेत उभे राहणाऱ्या मराठी आईबापांना माझी विनंती आहे की, त्यांनी पालकसभेत उठून मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारावेत: मराठीचे तास किती आहेत, ते दिवसाच्या कोणत्या वेळी आहेत, आणि ते शिकविणारा माणूस कायम नेमणुकीचा आहे की नाही. उत्तर समाधानकारक नसेल तर पुढच्या सभेत पुन्हा विचारावेत, आणि शेजारी बसलेल्या ईस्ट इंडियन पालकांनाही बरोबर घ्यावे.