खरे बोलून केलेली फसवणूक

खोटे बोलू नये, हे आपण मकतबात शिकतो. खरे बोलूनही माणसाला फसवता येते, हे मात्र बाजारात शिकतो. आम्ही ते करकंबमध्ये एक जुनी मारुती ८०० विकताना शिकलो.

गाडी वडिलांची. नव्वदच्या दशकातली, कार्बोरेटरवाली. पंढरपूरचा दवाखाना, टेंभुर्णीची बस, सोलापूरची लग्ने, नात्यातल्या मयती, सगळे तिच्यावरच झाले. दीड लाखाच्या वर किलोमीटर झाले होते. वडील गेल्यावर २०१२ च्या उन्हाळ्यात आम्ही भावांनी ती विकायचे ठरवले आणि त्याआधी ट्युनिंग करून घ्यावे म्हणून गावातल्याच एका वयस्कर मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने लगेच नवे सामान आणायला सांगितले नाही. इंजिन गरम केले, तिन्ही प्लग काढले आणि कागदावर ओळीने मांडले. दोन प्लगांची टोके फिकट तपकिरी होती. म्हणजे तिथे पेट्रोल नीट जळत होते. तिसऱ्याचे टोक काळे आणि तेलाने ओले. मग प्लगच्या जागी गेज लावून त्याने कॉम्प्रेशन बघितले. तिसऱ्या सिलिंडरचे कमी भरले. त्याने तिथे चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले, तर काटा वर चढला. ऑइलने फट तात्पुरती बुजली होती. दोष व्हॉल्व्हचा असता तर काटा विशेष हलला नसता. म्हणजे रिंगा झिजल्या होत्या आणि गाडी ऑइल खात होती.

त्यानंतर त्याने ट्युनिंग केले. नव्या प्लगांची फट फिलर गेजने मोजून बसवली, टॅपेट जुळवले, कार्बोरेटर धुतला, एअर फिल्टर, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलले, टायमिंग लावले. थरथरणारी गाडी शिलाई मशीनसारखी चालू लागली. आम्ही खूश झालो. मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ट्युनिंगनं हवा-पेट्रोलचा मेळ बसतो, ठिणगी नीट पडते. झिजलेलं लोखंड भरून येत नाही. नवा प्लग थोडे दिवस दम धरील, मग पुन्हा तेलकट होईल." आणि आमच्या दखनीत शेवटचे वाक्य बोलला, "बोलको बेचो भाई, चुप नक्को रहो."

चार दिवसांनी जवळच्या वस्तीवरचा एक तरुण गाडी बघायला आला. द्राक्षबागेत राबणारा, पहिलीच गाडी घेणारा. त्याने एक चक्कर मारली आणि विचारले, "चाचा, इंजिन चांगलं आहे ना?" आमच्यातल्या थोरल्याने उत्तर दिले, "आत्ताच ट्युनिंग केलंय. मिस्त्रीला विचार." बाकीचे आम्ही गप्प राहिलो. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. तो मिस्त्रीकडे जाणार नाही, हेही आम्हाला त्याच्या चेहऱ्यावरून कळले होते. ३८ हजारांना व्यवहार झाला.

इथे प्रश्न असा, की आम्ही खोटे बोललो काय? जिभेचा हिशेब केला तर नाही. पण त्याने विचारले होते इंजिनाबद्दल आणि आम्ही सांगितले ट्युनिंगबद्दल. जे काम गाडीची निगा म्हणून केले, त्याचाच आम्ही पडदा केला. जुन्या वस्तूची निगा राखणे ही चांगलीच गोष्ट आहे. चालणारी वस्तू न फेकता चालवणे हा इस्राफ टाळण्याचाच मार्ग. पण तेच प्लग, तेच ऑइल, तेच टायमिंग एका वेळी निगा असते आणि दुसऱ्या वेळी फसवणूक. फरक पान्यात नसतो, आपण काय सांगतो आणि काय गिळतो यात असतो.

हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ते लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे पैगंबरांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही, असे बजावले. विक्रेता तिथेही काही खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त कोरडे धान्य वर ठेवले होते. आम्ही नवे प्लग वर ठेवले.

यावर बाजाराचे उत्तर तयार असते. जुन्या गाडीत दोष असणारच, घेणाऱ्याने मिस्त्री आणून बघावे. या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असे नाही. पत्र्याचा पोचा किंवा फाटलेले सीट ज्याला दिसते, त्याला ते सांगत बसण्याची गरज नाही. हनफी फिक्हात 'सर्व दोषांसह' म्हणून विक्री करण्याचीही सोय आहे. पण तिथे निदान घेणारा सावध होतो. जो दोष आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला दिसत नाही, तो लपवायची मुभा कुठलाही फकीह देत नाही. दोष नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा हक्क, खियार-ए-ऐब, त्यासाठीच आहे. इमाम अबू हनीफा कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्या भागीदाराने दोष न सांगता कापड विकले, तेव्हा इमामांनी त्याचे सगळे पैसे दान करून टाकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

जुन्या अनेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर मीटर शून्यावर येई. इंजिन मात्र शून्यावर येत नसे. आपणही तौबा केली की मीटर शून्यावर आले असे समजतो. अल्लाहच्या हक्कांबाबत त्याच्या रहमतीची आशा जरूर धरावी. पण हुकूकुल इबाद, माणसांचे हक्क, त्या माणसाने माफ केल्याशिवाय फिटत नाहीत, असे उलेमा सांगत आले. आम्ही त्या रमजानमध्ये रोजे धरले, तरावीह पढलो. त्या पोराचा हिशेब तसाच राहिला.

हा प्रश्न आपल्या समाजाला अधिक जवळचा आहे. मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत जास्त आहे, त्यांत सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने वाहनदुरुस्तीही नोंदवली आहे. गावोगावी शेजारी आपली गाडी, वडापवाला आपली जीप मुसलमान मिस्त्रीच्या हवाली करून निर्धास्त चहाला जातो. बॉनेटखाली काय केले ते त्याला दिसत नाही. तो भरवसा ही अमानत आहे. आपण दीनबद्दल मंचावर किती बोलतो, त्यापेक्षा त्या बॉनेटखाली काय करतो यावरून शेजारी आपल्याला ओळखतो. आमच्या मिस्त्रीने ती अमानत सांभाळली होती. आम्ही ती चार दिवसांत घालवली.

दिवाळीच्या सुमारास कळले, की त्या तरुणाने गाडीचे इंजिनकाम केले. आम्ही त्याच्या वस्तीवर गेलो, रिंगांचे ठाऊक होते हे कबूल केले आणि निम्मा खर्च पुढे केला. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तेव्हाच सांगितलं असतं तरी मी गाडी घेतली असती, चाचा. चार-पाच हजार कमी दिले असते, एवढंच." त्याने पैसे मोजून घेतले, आणि आम्हाला ते बरे वाटले. माफ केले, असे तो म्हणाला नाही. आम्हीही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे अजून वाटते.