सोंगाचा जाब कोणाला विचारायचा?

चैत्रातल्या जत्रांचे दिवस जवळ आले की जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. गावोगावची जत्रा कमिटीची माणसे येतात, फडमालकाशी तारखेची आणि रकमेची घासाघीस करतात, सुपारी देऊन उठतात. मग ठरल्या रात्री जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या गावात कपटी प्रधान, लोभी सावकार आणि चावट सोंगाड्या फळीवर अवतरतात. हा प्रधान जे बोलतो, जे करतो, त्याची जबाबदारी कोणाची? प्रधानाची, की त्याचे सोंग घेतलेल्या माणसाची?

हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे एका परदेशी खेळाचा पिच्छा पुरवतो आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली अमेरिकेत आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एक पात्र घेतो, एक जण सूत्रधार होतो आणि बोलता बोलता, फासे टाकत गोष्ट पुढे सरकते. प्रत्येक पात्राची नैतिक वृत्ती, म्हणजे अलाइनमेंट, आधी ठरवायची असते. सुरुवातीला नियमनिष्ठ, तटस्थ आणि स्वैर अशा तीनच वृत्ती होत्या. पुढे त्यांना सज्जन-दुर्जन हा दुसरा अक्ष जोडला गेला आणि नऊ चौकटी तयार झाल्या. 1979च्या नियमपुस्तकात तर वृत्ती बदलणाऱ्या पात्राची एक पातळी कमी करण्याची शिक्षाही होती.

या चौकटींनी खेळाडूंच्या हाती एक सबबही दिली. सोबत्याचा विश्वासघात करायचा, सगळ्यांच्या खेळाचा विचका करायचा आणि वर म्हणायचे, ‘मी काय करू? माझे पात्रच तसे आहे.’ ही सबब टिकत नाही. ते पात्र निवडले खेळाडूने, त्याची वृत्ती लिहिली त्यानेच आणि त्या घटकेला काय करायचे हेही त्यानेच ठरवले. पात्राला स्वतःची इच्छा नसते.

लिखित नाटक-सिनेमातल्या नटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. निळू फुले राष्ट्र सेवा दलाच्या मुशीत घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहिलेले. पण पडद्यावरच्या त्यांच्या खलपुरुषांमुळे बायका त्यांना प्रत्यक्षातही शिव्याशाप देत. हा त्यांच्यावर अन्यायच होता, कारण ते संवाद लेखकाने लिहिलेले होते आणि गोष्टीचा शेवटही आधीच ठरलेला होता. तमाशाच्या परंपरागत वगात मात्र असा आडोसा घ्यायला संहिताच नसे. कथानक ठाऊक, प्रसंगांचा क्रम ठाऊक. संवाद फळीवर उभे राहून जागच्या जागी रचायचे. दादू इंदुरीकरांसारख्या सोंगाड्याची थोरवी या हजरजबाबीपणातच होती. म्हणून वगातला नट टेबलाभोवतीच्या खेळाडूच्या अधिक जवळचा. दोघांचेही शब्द आयत्या वेळचे, त्यांचे स्वतःचे.

याचा अर्थ सोंगाने सभ्यच वागावे असा नाही. दुष्ट प्रधान दुष्टपणे बोललाच पाहिजे. सोंगाड्याने राजाची खिल्ली उडवली नाही, तर वगाचा प्राणच जातो. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली आणि पुढे अटी घालून ती उठवली. पातळी कमी करण्याची ती शिक्षा आणि ही बंदी यांच्यात चूक एकच आहे: दोन्ही पात्राचे चारित्र्य तपासतात. तपासायचे असते ते वेगळेच. सोंगाच्या आडून समोरच्या खऱ्या माणसाला इजा होते आहे का?

नारायणगावच्या तमाशा कलावती विठाबाईंची हकीकत इथे आठवायला हवी. दिवस भरलेले असताना त्या फडात नाचत होत्या. कळा सुरू झाल्यावर तंबूच्या मागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा फळीवर आल्या, असे सांगितले जाते. काय घडले ते ध्यानात आल्यावर प्रेक्षकांनीच त्यांना विश्रांती घ्यायला लावली, अशीही आठवण सांगतात. तोवर प्रेक्षकांना फळीवर फक्त नाचणारी दिसत होती. मग त्यांना बाई दिसली.

टेबलावरच्या खेळात आता यासाठी साधा उपाय रूढ झाला आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेले फुलीचे कार्ड मध्यभागी ठेवतात. प्रसंग नकोसा झाला की कोणीही त्याला हात लावावा. कारण न विचारता तो भाग वगळला जातो. तिथे हे जमते, कारण सगळे बरोबरीचे असतात. गौळणीत सोंगाड्याचे द्वयर्थी बोलणे हसून झेलणाऱ्या, पुढच्या रांगेतली शेरेबाजी सोसणाऱ्या कलावतीच्या हाती असे कार्ड नसते. तिचे पोट त्या रात्रीवर असते, आणि पिढ्यान् पिढ्या ही कला जगवणाऱ्या मांग, महार, कोल्हाटी समाजांना जत्रेच्या मांडवात बरोबरीचा मान क्वचितच मिळाला. म्हणून तिथली जबाबदारी सोंगाड्यापाशी संपत नाही. खेळ थांबवण्याची ताकद ज्याच्याकडे अधिक, त्याचा वाटाही अधिक: आधी फडमालकाचा, आणि त्याहून मोठा सुपारी देणाऱ्या जत्रा कमिटीचा. तारीख आणि रक्कम ठरवताना फळीजवळ कोणाला बसू द्यायचे, शेरेबाजी करणाऱ्याला कोण उठवणार आणि कलावतीने नकार दिला तर तिची बिदागी कापली जाणार नाही ना, हेही त्याच बैठकीत ठरवता येते.