रिकामी जागा

मे महिन्यात रात्री अकरा वाजताही सिडकोतल्या आमच्या गच्चीचा स्लॅब गरम लागतो. सूर्याचं ऊन ०.५ मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असतं, म्हणून ते डोळ्यांना दिसतं. स्लॅब तीच उष्णता परत देतो ती १० मायक्रॉनच्या आसपास, न दिसणारी. तिचा काही भाग अवकाशात निसटतो. १५ मायक्रॉनपाशी कार्बन डायऑक्साइड वाट अडवतो.

हे मी शिकलो नोकरीमुळे. एका सौर प्रकल्पाच्या डॅशबोर्डचं काम होतं. ऊन मोजणारा सेन्सर मधेच बंद पडायचा आणि आलेखात खड्डे दिसायचे. मी चार ओळींचा कोड लिहिला: आकडा आला नाही, तर मागच्या सात दिवसांची सरासरी भरायची. आलेख गुळगुळीत झाला. सगळे खूश.

जूनमध्ये दोन दिवस आभाळ भरून आलं. सेन्सर बंद होता आणि डॅशबोर्डवर लख्ख ऊन होतं. हिशेब निघाला: ऊन भरपूर, वीज कमी, म्हणजे पॅनल पुसणारा कामचुकार. त्याचे दोन दिवसांचे पैसे कापले गेले. ऊन माझ्या कोडमधलं होतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. मी सांगितलं आठवड्याने.

त्या आठवड्यात मी ॲना मणींबद्दल वाचलं. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे-माणकांचे वर्णपट अभ्यासून त्या १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात आल्या. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षासाठी त्यांनी देशात सौरकिरण मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. अशा जाळ्यात प्रत्येक उपकरण प्रमाण उपकरणाशी ताडून पाहावं लागतं. नाहीतर चुकीचा आकडाही बरोबर आकड्यासारखाच दिसतो.

अंदाज करणं गुन्हा आहे का? नाही. मोजमाप आणि अंदाज यांची सरमिसळ करून ते लपवणं, हा गुन्हा आहे. काचेच्या घुमटाखालच्या त्या सेन्सरला साधारण ३ मायक्रॉनपलीकडचं काही दिसत नाही. आमच्या स्लॅबची रात्रीची उष्णता त्याच्यासाठी नसतेच. पण न दिसलेलं तो दिसलं म्हणून सांगत नाही. ते मी केलं.

त्या माणसाला पैसे परत मिळाले. कोणी माफी मागितली नाही. मीही नाही, कारण माझी त्याची कधी गाठच पडली नाही. स्क्रीनमागे बसण्याची ही सोय आहे.

आता माझ्या आलेखात खड्डे असतात. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतंच, "इथे काय झालं?" मी म्हणतो, "माहीत नाही."