मारका बैल आणि खुंटीवरची किल्ली

वाचन : निर्गम 21:28-29, अनुवाद 22:8



मोशेच्या नियमशास्त्रात बैलाविषयी एक कायदा आहे, आणि शेतकरी मनुष्यास तो समजावून सांगण्याचे कारण नाही. एखाद्याच्या बैलाने अकस्मात शिंग मारून कोणाचा प्राण घेतला, तर बैल मारला जाई व धनी निर्दोष सुटे. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, लोकांनी धन्यास तसे बजाविले असेल, आणि तरीही त्याने तो बांधून ठेविला नसेल, तर धनीही प्राणदंडास पात्र होई. दोन्ही ठिकाणी बैल तोच व मृत्यूही तोच. भेद एवढाच की, दुसऱ्या धन्यास ठाऊक होते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मारक्या गुराच्या गळ्यात लोढणे अडकवावे, हे लहान मुलासही कळते. परंतु आज कित्येक घरी गोठ्यातील बैलाच्या जागी मोटारसायकल उभी आहे. तिचे वजन शंभर किलोहून अधिक, आणि तिची किल्ली ओसरीतील खुंटीवर, चौदा वर्षांच्या मुलाच्या हातास येईल अशी टांगलेली. बाप म्हणतो, “गावातल्या गावातच तर जातो.” आई म्हणते, “शाळा दूर, एस.टी. वेळेवर येत नाही.” आजोबा कौतुकाने म्हणतात, “पोरगा मोठ्या माणसासारखी चालवितो.” आणि आम्हीही निर्दोष नाही. सभेस आलेल्या पाहुण्यांस स्टँडवरून आणण्यास आम्हीच अशा मुलांस धाडिले आहे, व ते लवकर परतले म्हणून शाबासकीही दिली आहे. हे लिहिताना आम्हांस लाज वाटते. तथापि जो उपदेश आम्हांस लागू नाही, तो तुम्हांस करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मुलगा हुशार आहे, हे खरे असेल. गाडी चालविण्याचे कसब हातांस आठ दिवसांत येते, परंतु धोका ओळखण्याची बुद्धी आठ दिवसांत येत नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 17 मीटर पुढे जाते. समोर शेळी आडवी आली हे डोळ्यांस दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढा अवधी सहज जातो. म्हणजे गाडी थांबू लागण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते. शिवाय वेग दुप्पट केला, तर ब्रेक दाबल्यावर थांबावयास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. हा हिशेब देवाने सृष्टीस लावून दिला आहे. तो कोणाच्या हुशारीने बदलत नाही.

आपल्या देशाचा कायदाही मोशेच्या त्या कायद्याच्या फार जवळ आला आहे. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात 2019 साली सुधारणा झाली व तिचा पुष्कळसा भाग 1 सप्टेंबर 2019 पासून अमलात आला. त्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकाऊ परवानाही मिळत नाही. मालक कसा सुटतो, तेही पाहा. आपणांस हे ठाऊक नव्हते, अथवा ते टाळण्यासाठी आपण सर्व दक्षता घेतली होती, असे त्याने सिद्ध केले, तरच तो सुटतो. ज्याने किल्ली स्वतःच्या हाताने दिली, तो हे कोणत्या तोंडाने सांगेल?

कोणी म्हणेल, “सोळाव्या वर्षी परवाना मिळतो, असे ऐकतो.” मिळतो, परंतु तो 50 सी.सी. पर्यंतच्या लहान इंजिनाच्या दुचाकीपुरता. आपल्या दारातील बहुतेक गाड्या त्याहून दुप्पट शक्तीच्या आहेत.

तारीख 19 मे 2024 रोजी पहाटे पुणे शहरात कल्याणीनगर येथे एका भरधाव मोटारीने दुचाकीस धडक दिली व दोन तरुण अभियंते, एक पुरुष व एक स्त्री, प्राणास मुकले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी नोंदविले. त्यास प्रथम जामीन देताना अपघातांविषयी 300 शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संताप झाला. न्याय करणे हे न्यायालयाचे काम आहे. आम्ही एवढेच म्हणतो की, ते 300 शब्द मुलाच्या कानी किल्ली हाती येण्यापूर्वी पडले पाहिजेत. प्रेते उचलल्यावर लिहिलेला निबंध कोणास जिवंत करीत नाही.

आणि मोठ्या मनुष्यांनी स्वतःस शहाणे समजू नये. तारीख 1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर, नागपूरहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली, आणि 25 माणसे मरण पावली. तो रस्ता नवा व रुंद होता. यावरून चांगला रस्ता मनुष्यास सावध करीत नाही, हे आपण शिकावे. बाप झोप आवरीत, फोन कानाशी धरून, डोक्यास हेल्मेट न घालता गाडी हाकीत असेल, तर मुलगा तेच शिकेल. घर हीच वाहन शिकण्याची पहिली शाळा आहे.

यास्तव दुसरे वचन ध्यानात घ्या. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याभोवती कठडा बांधावा, म्हणजे कोणी पडून त्याच्या घरावर रक्तदोष येणार नाही, अशी तेथे आज्ञा आहे. कठडा कोणी पडण्याच्या आधी बांधावयाचा असतो. आपला कठडा असा असावा :

मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत किल्ली पेटीत राहावी. वय झाल्यावर प्रथम शिकाऊ परवाना काढावा, गाडीस लाल अक्षराची पाटी लावावी, आणि निदान तीस दिवस शिकून मगच परीक्षा द्यावी. हे तीस दिवस केवळ कागदाचे नसावेत. मोकळ्या मैदानात आरंभ करावा, मग गावरस्ता, राजूर घाटासारखी वळणे सर्वांत शेवटी, तीही दिवसा. मागे बसणाऱ्यासही हेल्मेट असावे, आणि तिघांनी एका दुचाकीवर कधीही बसू नये. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर उभ्या असतात, हे मुलांस सांगावे. आणि ट्रॉली आपली असेल तर तिच्या मागे चकाकणारी पट्टी आपणच लावावी.

उपदेशक बंधूंनो, येत्या रविवारी उपासनेनंतर मंदिराच्या अंगणात उभ्या असलेल्या गाड्या पाहा व त्या कोणी आणिल्या, हे प्रेमाने विचारा. मुलास रागे भरू नका. बापास बाजूला घेऊन बोला. जर तो म्हणाला, “मला ठाऊक नव्हते,” तर आजपासून त्यास ठाऊक झाले. आणि हे वाचून आपणां सर्वांसही ठाऊक झाले आहे.

हे प्रभू, आमच्या मुलांस दीर्घायुष्य दे, आणि त्यांच्यावरील आमचे प्रेम असे कर की, त्यास “नाही” म्हणता यावे. आमेन.